यांनी विमान वळवलं त्याची गोष्ट

माझं माहेर सांगलीचं. वडील माधवनगरच्या कापडगिरणीत कारकून, आम्ही चौघी बहिणी, आणि देवानं चौघींना जिभा देताना हात आखडता घेतला नव्हता. सासर मिळालं ते सातारा जिल्ह्यातलं, कृष्णाकाठचं, उसाचं आणि पलटणीचं. त्या गावात पुरुष दोनच प्रकारचे दिसायचे. एक रजेवर आलेले आणि दुसरे रजा संपत आली म्हणून तोंड पाडून बसलेले. माझे सासरे सुभेदार होऊन निवृत्त झालेले. गाव त्यांना सुभेदारच म्हणायचं, मुलं आबा म्हणायची आणि मी मामंजी. थोरले दीर त्यांच्याच पलटणीत होते. आमचे हे मात्र वाट चुकलेले.

म्हणजे मामंजींच्या लेखी. हे आधी हवाई दलात होते तोवर ठीक होतं. अंगावर गणवेश होता, जाता-येता सलाम होते. मग ते सोडून हे प्रवासी विमानं चालवणाऱ्या कंपनीत लागले. पगार वाढला, मुंबईत राहायला जागा मिळाली, आणि वडिलांच्या नजरेतून हे उतरले. "एष्टीचा डायवर काय आन इमानाचा काय," मामंजी पारावर म्हणायचे, "दोघंबी शिटाच नेत्यात की." लोक हसायचे. हेही हसायचे. पण असं हसताना यांचे कान लाल होतात, हे मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं.

आत्याबाईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, वेगळंच. मुंबईहून दक्षिणेला जाणारी विमानं आमच्या गावावरून जायची. आवाज आला की त्या चुलीपुढून उठून अंगणात यायच्या आणि पिठानं भरलेला हात वर करून हलवायच्या. विमान कुणाचंही असो. "त्यात तुमचा मुलगा नसेलही," असं मी एकदा म्हटलं. "आगं, कुनाचा तरी आसंलच की," त्या म्हणाल्या. आणि पुन्हा चुलीपुढं जाऊन बसल्या.

सत्तरनंतरच्या वर्षांतली ही गोष्ट. फाल्गुन सरत आला होता आणि अवकाळी ढग येऊन जात होते. एके दिवशी हे विमानतळावरून घरी आले ते बूट न काढता थेट स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसले. आमच्या घरात बूट घालून स्वयंपाकघरात येण्याची कुणाची प्राज्ञा नव्हती. मी ओरडायला तोंड उघडलं आणि यांचा चेहरा बघून मिटलं.

"आज थोडक्यात वाचलो," हे म्हणाले.

दक्षिणेकडून हे मुंबईला विमान घेऊन येत होते. कॅप्टन शेजारी बसलेले, पण विमान यांच्या हातात होतं. आमच्याच जिल्ह्यावर, कोयनेच्या अंगाला, ढगात शिरले आणि बाहेर पडले तर समोरून दुसरं विमान.

मी घाबरले की तिरकं बोलते. "एवढं मोठं आभाळ," मी म्हटलं, "आणि तुम्हाला नेमकी तीच जागा बरी सापडली?"

"आभाळ मोठं असतं गं, पण रस्ते ठरलेले असतात. सगळे त्याच रस्त्यानं येणार-जाणार. म्हणून त्या रस्त्याला मजले केलेत. जाणाऱ्यानं एका मजल्यावरून जायचं, येणाऱ्यानं दुसऱ्या, आणि मध्ये हजार फूट. खालून रेडिओवर विचारतात, कुठल्या उंचीवर आहात? आपण सांगायचं. ते विश्वास ठेवतात."

"आणि कुणी चुकीचं सांगितलं तर?"

"तर हे असं होतं," हे म्हणाले.

आज हे वाचणाऱ्याला खरं वाटणार नाही, पण तेव्हा एवढंच होतं. त्या लांबच्या रस्त्यावर खालच्या माणसाला पडद्यावर ही विमानं दिसत नसत, आणि विमानांना एकमेकांची चाहूल लागेल असं काही विमानात नसे. रेडिओवरचा शब्द आणि माणसाचे डोळे, बस्स.

मग यांनी मला जे सांगितलं ते मी आयुष्यभर विसरले नाही. "काचेतून दिसणारी वस्तू सरकत असेल ना, तर तिची भीती नसते. ती बाजूनं निघून जाते. जी जागची हलत नाही आणि नुसती मोठी मोठी होत जाते, ती आपल्यावरच येत असते." त्या दिवशी काचेतला ठिपका हलत नव्हता. कॅप्टन नकाशात बघत होते. त्यांना हाक मारायलाही सवड नव्हती. यांनी विमान उजवीकडे कलंडवलं. समोरचाही त्याच्या उजवीकडे वळला. दोघं एकमेकांच्या शेजारून गेले, आणि त्या विमानाच्या इंजिनाखाली तेलाचा ओघळ आला होता, तो यांना दिसला. इतक्या जवळून. मागे एका बाईंच्या साडीवर चहा सांडला. उतरताना त्यांनी तक्रार केली, आणि यांनी हात जोडून त्यांची माफी मागितली. त्या बाईंना बाकी काहीच ठाऊक नव्हतं.

मी यांच्या पायातले बूट काढले. मला यांचा इतका अभिमान वाटला की रडू आलं. तो अभिमान अजून तसाच आहे, आणि तो लपवण्याइतकी मी सभ्य नाही.

दोघांपैकी कुणीतरी उंचीच्या घड्याळाचे काटे चुकीचे वाचले होते. कोणी, ते ठरेपर्यंत दोन्ही विमानांतल्या वैमानिकांना उड्डाण बंद करून जमिनीवर बसवलं. चैत्र लागला होता, गावची जत्रा तोंडावर होती, म्हणून आम्ही गावी आलो. आणि आमच्या आधी गावात बातमी पोचलेली होती.

वर्तमानपत्रात चार ओळी आल्या होत्या. समोरून आलेलं विमान ऐनवेळी वळल्यामुळे प्रवासी बचावले, आणि दुसऱ्या विमानात सातारा जिल्ह्याचा सुपुत्र होता, एवढंच. समोरचं वळलं हे खरं. आपलंही वळलं, हे छापायचं राहिलं होतं. आणि आमच्या गावाला राहिलेली जागा भरायला काय वेळ लागतो? आम्ही एसटीतून उतरलो तेव्हा पारावर गोष्ट पक्की झाली होती: समोरून इमान आलं, आपला गडी जाग्यावरनं हलला न्हाई, शेवटी समोरच्यालाच वळावं लागलं.

आता गावाला या गोष्टीची एवढी गोडी का, ते सांगायला हवं. आमच्या गावची देवी आणि नदीपलीकडच्या गावची देवी या बहिणी. चैत्री पुनवेला दोघींच्या पालख्या निघतात. आमची पालखी पलीकडच्या घाटावर स्नानाला जाते, त्यांची अलीकडच्या घाटावर येते. पूर्वी नदीतून उतार होता. आपापल्या वाटेनं पाण्यातून जायचं. नदीला रुंदी होती, तोवर भांडण नव्हतं. मग नदीवर बंधारा झाला. पाणी तुंबलं, ऊस वाढला, दोन्ही गावं सुखी झाली, आणि उतार बुडाला. पालख्यांना बंधाऱ्यावरची अरुंद वाट तेवढी राहिली, दोघी अंग चोरून गेल्या तरच मावतील एवढी. कठडा नाही, एका बाजूला तुडुंब पाणी आणि दुसऱ्या बाजूला खाली खडक. पहिल्याच वर्षी दोन्ही पालख्या मधोमध समोरासमोर आल्या. आधी कोणी कडेला सरायचं? कोणीच सरलं नाही. रेटारेटी झाली, काठ्या निघाल्या, डोकी फुटली, आणि आमच्या देवीचा चांदीचा मुखवटा पाण्यात जाता जाता वाचला. पोलिसांनी पालख्याच बंद केल्या. त्यानंतर कित्येक पुनवा देवी देवळातच बसून होती. यंदा कुठं परवानगी मिळाली होती, तीही फौजदारानं दोन्ही गावच्या म्होरक्यांकडून हमी घेऊन. पुन्हा काठी उचलली तर पालखी कायमची बंद. आमच्या बाजूनं हमी मामंजींची होती. पलीकडून हमी देणारे एक निवृत्त हवालदार होते, मामंजींच्याच पलटणीतले. बंधारा झाल्यापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते.

आम्ही गेलो त्याच संध्याकाळी पारावर यांचा सत्कार झाला. फेटा, शाल, नारळ. मामंजी बोलायला उभे राहिले. ते बोलायला उभे राहिले की माणसं नीट बसायची.

"आमी ह्याला लय दिस डायवर म्हटलं," ते म्हणाले, "त्ये चुकलं. पोरगं आपल्या रक्ताचं निगालं. म्होरं मरान आलं, पर ह्यो हलला न्हाई. समूरच्याला वळावं लागलं." आणि त्यांनी यांच्या पाठीवर हात ठेवला. मी बायकांत बसले होते. मला हे माहीत होतं की लहानपणापासून आजवर त्यांनी यांच्या पाठीवर असा हात ठेवलेला नव्हता. तशी त्या घरात पद्धतच नव्हती. यांनी मान खाली घातली. लोकांना वाटलं, विनय.

मग मामंजी पोरांकडे वळले. "आता पुनवेला बंधाऱ्यावर आपली पालखी आशीच चालंल. कुनीबी मागं सरायचं न्हाई. समोरचा सरंल."

पोरांनी असा गलका केला की पारावरच्या पिंपळावरचे कावळे उठले. 

खोलीत आल्यावर मी यांना धरलं. "तुम्ही बोलला का नाहीत?"

हे कॉटवर बसून फेटा उलगडत राहिले.

"अहो, ते खोट्यावर पोरं चेतवतायत. उद्या बंधाऱ्यावर कुणी मेलं म्हणजे?"

"मला कळत नाही असं वाटतं तुला?" हे म्हणाले. "आबांनी पहिल्यांदा पाठीवर हात ठेवला गं. मी वळलो म्हणून सांगायचं म्हणजे तो हात आपणच उचलून बाजूला ठेवायचा. दोन दिवस दे मला. सांगतो."

पुनव दोन दिवसांवरच होती. मी गप्प झाले. म्हणजे यांना तसं वाटलं.

सकाळी मामंजी ओसरीवर चहाची वाट बघत बसले होते. मी कपबशी ठेवली, पदर सारखा केला आणि तिथंच उभी राहिले. त्या घरात सुनेनं सासऱ्यासमोर चहा ठेवून लगेच आत जायचं असतं.

"काय गं?" ते म्हणाले.

"मामंजी, काल पारावर तुम्ही सांगितलंत, तसं झालेलं नाही. हे वळले. समोरचा वळला ते खरं, पण हेही वळले."

आत आत्याबाई भाकरी थापत होत्या. तो आवाज थांबला.

"तुला कुनी सांगितलं?"

"यांनीच. त्याच दिवशी."

"मग मला का न्हाई सांगितलं?"

"तुम्ही पाठीवर हात ठेवलात म्हणून. तो यांना घालवायचा नव्हता." जीभ सुरू झाली की ती माझं ऐकत नाही. "मामंजी, हे हलले नसते तर आज मी या ओसरीवर पांढऱ्या कपाळानं उभी असते. त्या विमानात बसलेल्यांच्या घरच्या कितीजणी तशाच उभ्या असत्या. आणि आत्याबाई वर बघून कुणाला हात हलवणार होत्या?"

मामंजींनी माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं वाटलं असतं. त्यांनी अर्धा चहा तसाच ठेवला, वहाणा घातल्या आणि उसाकडे निघून गेले.

हे आतून आले ते कान लाल करून. "तुला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला?"

"कुणी नाही. मी काय पलटणीत आहे, हुकमाची वाट बघत बसायला?"

आत्याबाई दारात आल्या. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. त्या यांना म्हणाल्या, "तिला काय बोलू नगंस. सांगलीचं पानी लय बोलकं, पर खरं बोलतंय." आणि पुन्हा भाकरी थापायला बसल्या.

दुपारी मामंजी परत आले. जेवले नाहीत. सोप्यात बसून त्यांनी यांना हाक मारली. मला वाटलं आता बोलणी बसणार. पण त्यांनी आपल्या दोन्ही वहाणा काढून जमिनीवर समोरासमोर ठेवल्या, टाच मागं, अंगठा पुढं.

"ही तुजी, ही त्येची," ते म्हणाले. "आता नीट दाव."

हे खाली बसले. एक वहाण उजवीकडे वळवली, मग दुसरी तिच्या उजवीकडे. वहाणा एकमेकींच्या शेजारून सरकल्या.

"आन त्यो डावीकडं वळला आसता तर?"

"तर माझ्या वळण्याचा उपयोग नव्हता, आबा. दोघं एकाच बाजूला आलो असतो."

"मग तुला कसं ठावं, त्यो कुटं वळनार ते?"

"नियम आहे. समोरासमोर आलं की दोघांनी आपापल्या उजवीकडे वळायचं. कोण मोठं, कोण धाकटं, कोण आधी आलं, काही नाही. सगळ्या जगात एकच नियम. मी त्या माणसाचं तोंडही पाहिलेलं नाही. पण तो उजवीकडेच वळणार हे मला ठाऊक होतं, आणि मी कुठं वळणार हे त्याला."

मामंजींनी वहाणा पुन्हा होत्या तशा समोरासमोर ठेवल्या. "ह्याला यंत्र बिंत्र काय न्हाई व्हय?"

"अजून नाही. अमेरिकेत करतायत. या विमानातलं यंत्र त्या विमानातल्या यंत्राशी आपलं आपणच बोलेल, आणि एकाला वर जा म्हणेल, दुसऱ्याला खाली. दोघांना कधी एकच सांगणार नाही."

"यंत्रं येकमेकांशी बोलाय लागली," मामंजी म्हणाले, "आन आमी बंधारा झाल्यापासनं बोललो न्हाई."

ती यंत्रं पुढे बऱ्याच वर्षांनी आपल्याकडे आली आणि हे निवृत्त होण्याआधी त्यांच्या विमानातही बसली. पण आमच्या गावाला तेवढं थांबायला वेळ नव्हता. मामंजी उठले, खुंटीवरचा फेटा डोक्याला बांधला, आणि यांना म्हणाले, "चल. नियम तुला पाठ हाय. मला वाटंत इसराय व्हईल." पलटणीतली सगळी कवायत ज्यांच्या जिभेवर होती, ते दोन पावलांचा नियम विसरणार होते! त्यांना सोबत हवी होती, एवढंच. मला ते कळलं आणि मी तोंड फिरवून हसले.

बंधाऱ्यावरून दोघं चालत पलीकडे गेले. सगळं गाव घराघरांतून बघत होतं. पुढचं मला यांनी सांगितलं. हवालदार अंगणात नुसत्या बनियनवर बसून दोर वळत होते. दारात सुभेदार दिसल्याबरोबर ते ताडकन उठले, टाचा जुळल्या आणि सलाम ठोकला. मग आपण काय केलं हे त्यांच्या लक्षात आलं, आणि हात खाली कसा घ्यायचा ते कळेना. "आराम से," मामंजी म्हणाले. तेव्हा कुठं हात खाली आला. मग घरात शोधाशोध करून सदरा अंगात चढला आणि चहा आला.

वहाणा पुन्हा समोरासमोर ठेवल्या गेल्या. हवालदारांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी आदी कोन सरनार?"

"कुनीच न्हाई. दोघंबी येकदम वळनार. समूर आलं की आपापल्या उजवीकडं."

"आन मान कुनाचा?"

"दोघींचा," मामंजी म्हणाले. "त्या बहिनी हायत्या, हवालदार. भांडतोय आपन."

हवालदारांनी चहा बशीत ओतला. मग म्हणाले, "तुमची पोरं आयत्या वक्ताला न्हाई वळली तर? माजी मानसं पान्यात जात्याल."

मामंजींनी यांच्याकडे बोट केलं. "पालखीच्या पुढच्या दांडीला ह्यो आसंल. ह्यो वळतो. ह्येची खात्री मी द्येतो."

पुढच्या दांडीचा मान आमच्या घरात थोरल्या दिरांचा. ते त्या वर्षी सरहद्दीवर होते, आणि त्यांच्या जागी चुलत दिरांचं नाव कधीच पक्कं झालेलं. मला सांगता सांगता हे आपला उजवा खांदा चोळत होते. मी विचारलं, "दांडीचं ओझं पेलेल ना? खुर्चीत बसून विमान चालवता तुम्ही." मग कुठं हे हसले.

संध्याकाळी पारावर मामंजींनी पोरांना सगळं सांगितलं. तोंडं वाकडी झाली. "म्हंजी मागंच सरायचं म्हना की," एकजण पुटपुटला. मामंजींनी त्याला उत्तर दिलं नाही, आणि उत्तर न देणं त्यांना किती जड गेलं असेल हे मला ठाऊक आहे.

पुनवेला सकाळीच ढोल वाजायला लागले. हलगी, गुलाल, देवीच्या नावाचा गजर. पुढं मामंजी, मागं पालखी, आणि पुढच्या दांडीला हे, डोक्याला गुलाबी फेटा, खांद्यावर उपरण्याची घडी. आम्ही बायका पालखीमागं. फौजदार दोन शिपाई घेऊन काठावर उभा होता. बंधाऱ्यावर चढलो आणि समोर बघितलं. पलीकडच्या टोकाला त्यांची पालखी निघाली होती. लांबून एक लाल ठिपका दिसत होता. मी चालत होते आणि त्या ठिपक्याकडे बघत होते. तो जागचा हलत नव्हता. नुसता मोठा होत होता.

मला यांचं बोलणं आठवलं. आत्याबाईंनी माझा दंड घट्ट धरला. त्यांना ते काचेचं वगैरे काही ठाऊक नव्हतं, पण त्यांचेही डोळे तिकडेच होते.

जवळ आलो. ढोल थांबले, का ते कुणालाच कळलं नाही. समोरच्यांचे चेहरे दिसायला लागले. आमच्या मागच्या पोरांतून कुणीतरी रेटा दिला, "चला रं, चला सरळ!" पालखी एक पाऊल पुढं ढकलली गेली. समोरूनही कुणीतरी ओरडलं. मी यांची पाठ बघत होते. दांडी खांद्यावर, मान ताठ, आणि पाय रोवलेले. मागचा रेटा यांनी एकट्यानं अंगावर घेतला.

आणि मामंजींचा आवाज आला. पारावरचा नव्हे, कवायतीच्या मैदानावरचा. "दाहिने!"

त्याच्या पाठोपाठ समोरून, तसाच खणखणीत, हवालदारांचा. "दाहिने!"

हे वळले. खांद्यावरची दांडी वळली, दांडीबरोबर पालखी, आणि पालखीबरोबर मागची ती रेटणारी पोरंही वळली, कारण तेवढ्या वाटेवर दुसरीकडे जायला जागाच नव्हती. यांचा उजवा पाय बंधाऱ्याच्या अगदी कडेवर होता. समोरची पालखी तिच्या उजवीकडे झाली. दोन्ही पालख्या एकमेकींशेजारी आल्या, इतक्या की गोंडे गोंड्यांना लागले. दोघी बहिणी एवढ्या वर्षांनी एकमेकींजवळ आल्या होत्या. पलीकडची एक म्हातारी त्यांच्या पालखीमागून पुढं झाली आणि आमच्या देवीला हळदकुंकू लावून गेली. मग आमच्यातल्या दोघीतिघी त्यांच्या देवीला लावायला धावल्या. हवालदारांनी मूठभर गुलाल मामंजींवर उधळला. मामंजींच्या पांढऱ्या मिशा गुलाबी झाल्या. ढोल पुन्हा सुरू झाले, आणि पालख्या आपापल्या वाटेनं पुढं गेल्या.

पलीकडच्या घाटावर पालखी टेकली, तेव्हा तोच कालचा पोरगा, थोडा लाजत, थोडा खोडीनं म्हणाला, "सुभेदार, सरलोच न्हवं का आपन?"

"न्हाई रं," मामंजी म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "वळलो. परवा म्या पारावर खोटं सांगितलं तुमास्नी. मला ठावं नव्हतं. ह्यो हलला न्हाई म्हनालो. ह्यो वळला हुता, म्हनून दोन इमानांतली मानसं घरला गेली. आज बंधाऱ्यावरबी ह्योच पैला वळला. ज्येला लाज वाटत आसंल त्येनं माज्याशी बोलावं, ह्येच्याशी न्हाई." आणि त्यांनी गुलालानं माखलेला हात यांच्या पाठीवर ठेवला. देवीचं स्नान होऊन आरती सुरू झाली, तरी तो हात तिथंच होता.

चौकशीत पुढे निघालं की समोरच्या विमानात काटे वाचताना एका मजल्याची चूक झाली होती. हे पुन्हा विमानावर रुजू झाले. मला त्याचं फार काही वाटलं नाही. माझ्यापुरती चौकशी बंधाऱ्यावर संपली होती.

दिवाळीला मी एकटीच आधी गावी गेले. हे नंतर यायचे होते. सकाळी अंगणात सडा घालत होते, तर लांबून विमानाचा घरघराट आला. सवयीनं आत्याबाई पिठाचा हात घेऊन बाहेर आल्या. त्यांच्यामागून मामंजीही आले. अंगात सदरा नव्हता, हातात अर्धवट सोललेला ऊस होता. तो त्यांनी भिंतीला टेकवून ठेवला, टाचा जुळवल्या आणि वर बघून सलाम ठोकला. विमान डोंगराआड जाईपर्यंत हात खाली घेतला नाही.

"मामंजी," मी म्हटलं, "यांची आज सुट्टी आहे. ते विमान यांचं नाही."

"आसंल," ते म्हणाले. "कुनाचं तरी पोरगं चालवतंयच की."